मांडूचं पाणी आणि खाडीतला मासा

(समाजाच्या श्रावणातल्या मांडू सहलीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मांडूला येऊन बोलायचं तर बाजबहाद्दर-रूपमतीवर बोलावं, जहाज महालावर बोलावं, निदान इथल्या खुरासानी चिंचेवर तरी बोलावं, असा रिवाज आहे. सचिवांनी फोनवर विषय विचारला आणि आम्ही "मासा" म्हणालो, तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "अहो, श्रावण आहे." म्हणून आधीच सांगून टाकतो, खाण्याबद्दल एक शब्दही बोलणार नाही. आपल्यातली निम्मी घरं खात नाहीत, आणि जी खातात त्यांना गणपती होईपर्यंत आठवण करून देणं बरं नव्हे.

माशांचं शास्त्र हा काही आमचा प्रांत नाही. आम्ही राज्य शासनाच्या पाण्याच्या खात्यात उपयंत्री. डिप्लोमा झाला, नोकरी लागली, आणि तेव्हापासून तलाव, कालवे, पाणलोट आणि त्यांची बिलं यांत दिवस गेले. मासा आमच्याकडे आला तो कुलदैवताच्या वाटेने.

आपल्यापैकी पुष्कळांचं तसंच आमचं. घराणं पवारांच्या मागोमाग माळव्यात आलं, पिढ्यान्‌पिढ्या धारचं पाणी प्यायलो, पण कुलदैवत तिकडे गुहागरलाच राहिलं. दोन वर्षांपूर्वी पुतण्याची मुंज झाली म्हणून सगळे मिळून व्याडेश्वराच्या दर्शनाला गेलो. येताना दाभोळला उतरायचं म्हणून धोपाव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभे होतो. खाली एक होडी लागली होती आणि दोघे जण जाळं झाडत होते. कोळंबी एका टोपलीत, बारीक मासळी दुसऱ्या टोपलीत, आणि नको ते बाजूला फेकत होते. त्यात हातभर लांबीचा, काळपट तपकिरी, गुळगुळीत असा एक मासा आमच्या पायाशी येऊन पडला. तोंडाला मिशा. पुतण्या ओरडला, "काका, मांगूर!"

त्याची चूक नव्हती. आमच्या घरी शिजत नसले तरी तळ्यावर पकडलेले सिंघी आणि मांगूर धारच्या मुलांनी बघितलेले असतात. आम्हीही मांगूरच म्हटलं असतं. फरक शेपटीत होता. मांगुराची शेपटी वेगळी, पंख्यासारखी दिसते. ह्याच्या पाठीवरची झालर आणि पोटाखालची झालर मागे जाऊन एकमेकींना मिळाल्या होत्या आणि शेवटी नुसतं टोक उरलं होतं, वामेसारखं. पण हे सगळं निरीक्षण नंतरचं. त्याआधी पुतण्याने तो मासा उचलला.

तो असा किंचाळला की होडीतले दोघेही वर बघायला लागले. अंगठ्याखाली एक छोटंसं भोक, जेमतेम दोन थेंब रक्त, आणि पोरगं मात्र जमिनीवर लोळतंय. आम्ही शहाणपणा करून बाटलीतलं गार पाणी हातावर ओतलं. काही फरक नाही. वहिनींनी रुमाल घट्ट बांधायला घेतला. तेवढ्यात धक्क्यावरच्या चहाच्या टपरीतल्या मावशी धावत आल्या, त्यांनी रुमाल सोडायला लावला, वहिनींनाच रागावल्या, आणि चहाच्या पातेल्यातलं गरम पाणी एका बादलीत ओतून त्यात थोडं साधं पाणी घातलं. आधी स्वतःचा हात बुडवून बघितला, मग पोराचा मनगटापर्यंत बुडवला. "सोसेल इतकं गरम, पण भाजेल इतकं नाही," एवढंच म्हणाल्या. पाणी निवलं की परत गरम घालायचं. दहा-पंधरा मिनिटांत रडणं थांबलं. अर्ध्या-पाऊण तासाने पोरगं म्हणालं, आता नुसतं ठणकतंय. दोन फेरीबोटी आमच्यासमोरून निघून गेल्या.

पुढे डॉक्टरांना दाखवलं. काट्याचा तुकडा आत राहिलेला नाही ना ते त्यांनी बघितलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ते म्हणाले, मावशींनी केलं ते बरोबर होतं. ह्या माशाचं विष प्रथिनांचं असतं, आणि उष्णतेने ते निकामी होतं. साधारण पंचेचाळीस अंशांचं पाणी, तासभर. दुखणाऱ्या हाताला गरम-गार नीट कळत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्याने तपासायचं. इथल्या सिंघीचा काटा लागला तरी हाच उपाय करतात, हे आम्हाला इतकी वर्षं तळ्यांवर काम करून माहीत नव्हतं. आज समाजासमोर उभे आहोत तर एवढं तरी सांगून जावं.

धारला आल्यावर आम्ही ह्या माशाचा पत्ता काढायला लागलो. कोकणात ज्याला शिंगाळा म्हणतात तो हा नव्हे. शिंगाळ्याची शेपटी दुभंगलेली असते. ह्या कुळाचं शास्त्रीय नाव प्लोटोसिडी. आपण त्यांना वामशेपटे मांजरमासे म्हणू, म्हणजे रूप डोळ्यांसमोर येईल. मिशांच्या चार जोड्या, अंगावर खवलं नाहीत, आणि तीन विषारी काटे: एक पाठीवर, दोन दोन्ही बाजूंच्या परांत. काट्याला करवतीसारखे दाते असतात. सगळ्या कुळात मिळून चाळीसच्या आसपास जाती, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या गोड्या पाण्यात. बाकीच्या आपल्या हिंदी महासागराच्या आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांना धरून राहतात.

आम्हाला जो भेटला तो बहुधा प्लोटोसस कॅनियस. हा चार-पाच फुटांपर्यंत वाढतो. समुद्राच्या कडेला, खाडीत, तिवरांच्या चिखलात राहतो, आणि नदीच्या मुखातून बराच वर, जवळपास गोड्या पाण्यापर्यंत येतो. ह्याचं वर्णन पहिल्यांदा केलं ते कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टराने, गंगेतल्या माशांवरच्या १८२२ सालच्या पुस्तकात. गंमत अशी की सुंदरबनातले बंगाली मच्छीमार ह्याला काईन मागूर म्हणतात. म्हणजे पुतण्याने धोपाव्याच्या धक्क्यावर जे नाव दिलं, तेच नाव गंगेच्या मुखाशी लोकांनी कधीचं देऊन ठेवलंय. काटा खाऊनही पोराला त्याचा अभिमान आहे.

ह्याचा धाकटा भाऊ प्लोटोसस लिनिएटस. फूटभर लांबीचा, काळ्या अंगावर पांढरे पट्टे. तो लक्षद्वीपसारख्या ठिकाणी प्रवाळांमध्ये राहतो. मांजरमाशांच्या तीन हजारांवर जाती आहेत, पण प्रवाळात संसार करणारा हाच. त्याची पिल्लं शंभर-शंभरच्या गठ्ठ्याने चेंडूसारखी गोळा होऊन फिरतात, आपल्या गठ्ठ्याची पिल्लं वासावरून ओळखतात, आणि मोठं झाल्यावर दिवसा कपारीत दडून बसतात. नर खडकाखाली घरटं करून अंड्यांची राखण करतो. ऑस्ट्रेलियातल्या नद्यांत त्याचा एक चुलतभाऊ आहे, तो तर खडे-गोटे गोळा करून दीड-दोन मीटर रुंदीचं घरटं करतो आणि तिथेही राखण बापच करतो. हे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, माशांत तरी आहे. असो.

लाल समुद्रातले हे पट्टेवाले मासे सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात शिरले. २००१ साली ते इस्राएलच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडले, आणि आता युरोपियन युनियनने त्यांचं नाव घुसखोर प्रजातींच्या यादीत घातलंय. कालवा काढला की कोण कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. हे आमच्या खात्यातल्या माणसाने लक्षात ठेवावं असं आहे.

आता पाण्याकडे येतो.

मांजरमासा हा मुळात गोड्या पाण्याचा प्राणी. समुद्रात राहायचं म्हणजे अंगात शिरणारं मीठ बाहेर टाकायची सोय हवी. ह्या माशांच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, झाडाच्या फांद्यांसारखा पसरलेला एक छोटा अवयव असतो आणि जादा मीठ तो बाहेर टाकतो. आपल्या घरी स्वयंपाकघरात भिंतीला लावतो तसला फिल्टर हा मासा पोटाखाली घेऊन हिंडतो. म्हणून खाडीत भरतीला खारं पाणी आलं तरी तो आहे, पावसाळ्यात गोडा लोंढा आला तरी तो आहे.

ह्याहून नवल त्याच्या मिशांचं. जपानमध्ये ह्याच कुळातला एक मासा आहे. त्याच्यावरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. रात्रीच्या अंधारात, वाळूत पुरलेला किडा त्याला सापडतो कसा? किडा बिळात श्वास घेतो, त्याने बिळापाशी पाणी किंचित आम्ल होतं, आणि माशाच्या मिशांना ते कळतं. पीएचमधला ०.१चा फरकसुद्धा! आम्ही पाण्याचे नमुने तपासतो, प्रयोगशाळेत पाठवतो, अहवाल यायला पंधरा दिवस लागतात. इथे मिशीला लगेच कळतं. पण त्यातच एक अडचणही निघाली. समुद्राच्या पाण्याचा नेहमीचा पीएच ८.१-८.२. तो ८च्या खाली गेला की ही जाणीव बोथट होत जाते. म्हणजे मासा मीठ सोसतो, पण पाण्याची जात बदलली तर उपाशी राहू शकतो.

तुम्ही म्हणाल, खाडी कोकणात, मासा खाडीत, आणि आपण बसलोय मांडूच्या डोंगरावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर. मग आपला काय संबंध?

एक संबंध फार जुना. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून आत आपल्या धार जिल्ह्यापर्यंत आला होता. बागच्या आसपासच्या चुनखडीत आजही शिंपले, समुद्री अर्चिन, शार्कचे दात सापडतात. त्यानंतर लाव्ह्याचे थर आले, आणि त्या काळ्या दगडावरच आपण आत्ता सतरंज्या टाकून बसलोय. पण ते जाऊ द्या.

चालू संबंध असा. आपण इथे पाणी साठवायच्या गावात आहोत. जहाज महालाच्या एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव. गच्चीवरचं पाणी नागमोडी पन्हळीतून खाली उतरवलंय. पाणी रेंगाळलं पाहिजे आणि त्यातला गाळ मागे राहिला पाहिजे, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या खात्याने त्यांच्याकडून शिकवणी घ्यावी. पण हे तलाव भरले की वरचं पाणी कडा ओलांडून खाली निमाडात पडतं, आणि नर्मदेला मिळतं. रूपमती मंडपातून स्वच्छ दिवशी जी चंदेरी रेघ दिसते, ती ही. नर्मदा तिथून भरूचच्या खाली खंभातच्या आखातात जाते. तिथे जिथे खारं आणि गोडं मिसळतं, ती ह्या माशाच्या पसंतीची जागा.

आता धार शहरातून जरा उत्तरेला आणि पश्चिमेला चला. सरदारपूर तहसीलमध्ये मिंडा गावाजवळ मही नदी उगम पावते. तीही शेवटी खंभातच्या आखातातच. पण बदनावरकडे जा, तिथलं पाणी चंबळेत, चंबळेतून यमुनेत, यमुनेतून गंगेत, आणि तिथून सुंदरबनात, हॅमिल्टनच्या त्या माशापाशी. एकाच जिल्ह्यातला पाऊस, एक अरबी समुद्रात, एक बंगालच्या उपसागरात. देवासची मंडळी हसू नका, तुमचंही तेच. क्षिप्रा आणि बागलीजवळ उगम पावणारी कालीसिंध ह्या चंबळेच्या, आणि नेमावरचं पाणी नर्मदेचं. देवास संस्थानाच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पाती होत्या, तशा पाण्याच्याही दोन पाती. त्यात २०१४पासून नर्मदेचं पाणी पंपाने उचलून क्षिप्रेत सोडतात. म्हणजे जे पाणी भरूचला जायचं, त्यातलं थोडं आता उज्जैनला स्नान घालून कोलकात्याच्या वाटेला लागतं. पाण्याच्या दोन्ही टोकांना तोच वामशेपट्या बसलेला. आपण माळव्याच्या धारेवर राहतो हे भूगोलात शिकलो होतो, पण दोन्ही टोकांना कोण राहतं ते कुणी सांगितलं नव्हतं.

आता जे बोलणार आहोत ते सरकारी नोकराने जपून बोलायचं असतं. तरी बोलतो, कारण ह्यात आमची स्वतःची कबुली आहे.

आमच्या खात्यातल्या टिपणांत एक वाक्य असतं. हिंदीत असतं, पण अर्थ असा, की अमुक इतकं पाणी समुद्रात वाया जात आहे, ते अडवल्यास अमुक हेक्टर सिंचन होईल. हे वाक्य आम्ही स्वतः किती वेळा लिहिलंय त्याचा हिशेब नाही. शिकलोच तसं. नर्मदेच्या पाण्याचा निवाडा १९७९ साली झाला. २८ दशलक्ष एकर-फूट पाणी वाटायला धरलं: मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५, महाराष्ट्राला ०.२५. बेरीज करून बघा, २८ पुरे होतात. समुद्राच्या नावाचा रकाना नाही. परीक्षेसाठी हे आकडे आम्ही पाठ केले होते, आणि बेरीज बरोबर जुळते म्हणून छान वाटलं होतं.

२०१७ साली सरदार सरोवराचे दरवाजे बंद झाले, उंची १३८.६८ मीटर झाली, आणि २०१९च्या पावसाळ्यात जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला. त्याचा वरचा भाग कुठे आला हे आपल्याला सांगायला नको. निसरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, चिखलदा आपल्याच जिल्ह्यातलं. इथे बसलेल्यांपैकी काहींचे ओळखीचे लोक तिथून उठले. त्या वेळी आपण सगळे पाण्याच्या ह्याच टोकाकडे बघत होतो, आणि ते साहजिक होतं. दुसऱ्या टोकाला, भरूचला, नदीत खारं पाणी वर चढायला लागलं. धरणाखाली नदीसाठी ६०० क्यूसेक सोडतात, ते पुरत नाही अशी तिथल्या लोकांची तक्रार. भरूचची हिलसा नावाजलेली. समुद्रात वाढायचं आणि पावसाळ्यात गोड्या पाण्यात चढून अंडी घालायची, असा तिचा क्रम. ती कमी कमी होत गेली. आता खारं पाणी अडवायला भाडभूतला नदीच्या मुखाजवळच बंधारा बांधताहेत. वर गोडं अडवलं म्हणून खाली खारं अडवायचं. इंजिनिअर म्हणून त्यातला हिशेब आम्हाला कळतो, पण खाडी नावाची जी मधली जागा असते, ती दोन्हींकडून आवळली जाते हेही कळतं.

आमचा वामशेपट्या चिवट आहे. खारं वाढलं म्हणून तो हिलसेसारखा लगेच हटणार नाही, फिल्टर जवळ आहे. पण नदीचा गाळ यायचा थांबला, तिवरांचा चिखल धुपला, किडे-खेकडे कमी झाले, तर मिशा कितीही तल्लख असून त्या शोधणार काय? आता टिपण लिहायला बसलो की ते "वाया" आलं तिथे पेन थांबतं. मग कधी कधी नुसतं "समुद्रास मिळणारे पाणी" एवढंच लिहितो. साहेबांनी एकदा विचारलं, शब्द का बदलला? आम्ही म्हणालो, साहेब, जागा वाचते.

ह्यावर मागच्या आठवड्यात समाजाच्या बैठकीत एका काकांनी आम्हाला चांगलंच धरलं. म्हणाले, मनावरच्या शेतकऱ्याला जाऊन सांग की तुझं पाणी माशासाठी सोड. काकांचं खरं आहे. ओंकारेश्वरच्या कालव्याने ज्यांच्या शेतात पाणी आलं, त्यांच्यासमोर हे भाषण करायची आमची छाती नाही. तिथे आम्ही स्वतःच मोजमाप घ्यायला गेलेलो आहोत, आणि पहिल्या पाण्याला लोकांनी नारळ फोडलेले बघितले आहेत. किती अडवायचं आणि किती सोडायचं, हा आकडा आमच्या डिप्लोमात नव्हता.

ज्या खाडीवर पुतण्याला काटा लागला, तिची गोष्ट ह्याच्या बरोबर उलटी आहे. दाभोळच्या खाडीला वाशिष्ठी मिळते. आणि वाशिष्ठीत कोयनेचं पाणी येतं. वास्तविक कोयना पूर्वेला कृष्णेकडे जाणारी. पण वीज काढायला तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला पोफळीकडे उतरवलं, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत, आणि वीज काढून झाल्यावर ते चिपळूणवरून खाडीत जातं. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात, ह्या खाडीला मात्र भर उन्हाळ्यातही गोडं पाणी मिळतं. एका खाडीच्या तोंडचं पाणी आपण काढून घेतलं, दुसरीला न मागता दिलं. चहाच्या टपरीतल्या मावशींना आम्ही विचारलं होतं, हा मासा पूर्वीपासून आहे का इथे? त्या म्हणाल्या, "माझ्या आजीलापण लागला होता काटा." ती आजी धरणाच्या आधीची, हा हिशेब आम्ही फेरीबोटीत बसून केला.

बोलणं लांबलं. मघाशी पाऊस थांबलाय. ज्यांना रूपमती मंडपापर्यंत चढायचं आहे त्यांनी आत्ताच निघावं, ढग परत यायच्या आत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी रेवा कुंडापाशी थांबावं, चहा तिथेच आणायला सांगितलाय. खाली निमाडात धुकं नसेल तर नर्मदा दिसेल. पुतण्या पुढे पळालाच आहे.